विष कोणाचे, वस्ती कोणाची?

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. १९२७ या सालाची मुंबईच्या दफ्तरात आणखी एक नोंद आहे. तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. देवनारचे डम्पिंग ग्राउंड सुरू झाले ते वर्ष म्हणूनही १९२७ हेच साल सांगितले जाते. महाडला बाबासाहेब हजारो अस्पृश्यांना घेऊन पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावत होते, त्याच सुमारास मुंबईची घाण कुठे नेऊन टाकायची हे ठरत होते. हा योगायोग आहे, कुणाचा कट नव्हे. पण गावाने आपली घाण गावकुसाबाहेर टाकावी आणि ती उपसणाऱ्यानेही गावकुसाबाहेरच राहावे, ही खेड्यातली रीत शहरात शिरली ती अशीच. शंभर वर्षांनी पाण्याला हात लावू नको असे तोंडावर म्हणण्याची सोय कायद्याने उरली नाही. मात्र ज्या पाण्याला कुणीच हात लावू नये असे पाणी आपल्या वस्तीच्या वाट्याला येते, त्याचे काय?

हा प्रश्न आज मांडायला कारण आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने देवनार डम्पिंग ग्राउंडची १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पासाठी देण्याचा निर्णय घेतला. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. जून २०२५ अखेर भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला जाळून संपवल्याचे जाहीर झाले. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम अधिसूचित केले. या वेगवेगळ्या बातम्या म्हणून आल्या आणि वेगवेगळ्या पानांवर विरून गेल्या. आमच्या मते ही एकच बातमी आहे. देश आता विषारी जमिनी साफ करायला निघाला आहे. जमीन साफ होणार, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती कोणासाठी साफ होणार, कोणाच्या पैशाने होणार आणि तिथून उचललेले विष कोणाच्या दारात जाणार, हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवणे आम्हाला मान्य नाही.

प्रथम देवनार. या कचऱ्याच्या डोंगराभोवती शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर या वस्त्या आहेत. तिथे दलित आहेत, मुसलमान आहेत, १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून मुंबईला आलेल्यांची मुले-नातवंडे आहेत. ही माणसे हौसेने कचऱ्याशेजारी राहायला गेली नाहीत. शहरातल्या मोक्याच्या जागांवरच्या झोपड्या उठवून, १९७० च्या दशकात पालिकेनेच इथे प्लॉट पाडून त्यांना आणून बसवले. म्हणजे डम्पिंग ग्राउंड आधी, वस्ती नंतर. आणि वस्ती आणणारे हात सरकारचेच. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या सर्व विभागांत एम-पूर्व विभाग तळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली. दिवसेंदिवस धुराने परिसर कोंडला, पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या धुराची छायाचित्रे उपग्रहाने टिपली तेव्हा कुठे देशाला कळले की इथे माणसेही राहतात.

याच मुंबईतला दुसरा अनुभव पाहा. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंग ग्राउंडवर संगणक उद्योगाच्या चकचकीत इमारती उभ्या राहिल्या. काही काळाने तिथल्या कार्यालयांतून तक्रारी सुरू झाल्या की संगणकांचे भाग गंजतात, यंत्रे बंद पडतात. जमिनीत गाडलेला कचरा कुजत राहतो आणि वर्षानुवर्षे वायू सोडत राहतो, हे तेव्हा सर्वांना पटले. लगेच तज्ज्ञ आले, तपासण्या झाल्या. संगणकाच्या तांब्याला जो वायू सोसत नाही तो माणसाच्या फुप्फुसाला कसा सोसेल, हे समजायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. फरक एवढाच की यंत्र गंजले तर कंपनीचे नुकसान होते आणि गोवंडीच्या पोराला दमा लागला तर ते त्याचे नशीब ठरते.

आता जुना कचरा उपसण्याच्या या पद्धतीविषयी. तिला बायोमायनिंग म्हणतात. वर्षानुवर्षांचा ढीग थराथराने खणायचा, पसरायचा, त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारून कुजणारा भाग कुजवायचा, मग मोठ्या चाळण्यांतून चाळायचा. प्लॅस्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांना जाळायला जातात, दगड-विटा भरावाला जातात आणि खाली बारीक माती उरते. पद्धत खोटी नाही. पण ढिगात फक्त भाजीपाला नव्हता. बॅटऱ्या होत्या, रंगाचे डबे होते, दवाखान्यांचा कचरा होता. त्यातले शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू कुजत नाहीत. ते त्या बारीक मातीत राहू शकतात. पावसाळ्यात ढिगातून झिरपलेले काळे पाणी इतकी वर्षे खालच्या जमिनीत आणि ठाण्याच्या खाडीत मुरले, ते चाळणीत सापडत नाही. ढीग दिसेनासा झाला म्हणजे जमीन निर्विष झाली, असे समजणे ही आपली फसगत आहे. कचराभूमीवर आणि तिच्या लगत घरे, शाळा, दवाखाने बांधू नयेत असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांचा रोख आहे. यावर, सगळा कचरा काढल्यानंतर ती कचराभूमी राहतेच कुठे, असा युक्तिवाद केला जाऊ शकतो. युक्तिवाद ऐकायला आमची हरकत नाही. पण तो माती आणि पाणी तपासल्यानंतर, त्या तपासणीचे आकडे लोकांपुढे ठेवून करायला हवा. इथे जमीन कोणाला द्यायची हे आधी ठरले आणि ती राहण्यालायक होईल का हा प्रश्न मागाहून आला.

आणि या जमिनीवर राहायला कोणाला न्यायचे आहे? धारावीत जे ‘अपात्र’ ठरतील त्यांना. आमच्यासारख्या वकिलांकडे वस्तीतली माणसे येतात ती याच एका शब्दाला घाबरून. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने रेशनकार्ड, विजेचे बिल, फोटोपास. परिशिष्ट-२ मध्ये नाव आले नाही, साहेब काहीतरी करा. ज्याच्या बापाने चामडे कमावून, मातीची भांडी घडवून, गटारे साफ करून हे शहर चालवले, तो एका कागदाअभावी अपात्र ठरतो आणि अपात्र माणसासाठी अपात्र जमीन शोधली जाते. धारावीची जमीन वांद्रे-कुर्ला संकुलाला लागून आहे, तिला सोन्याचा भाव आहे. अदानी समूह आणि राज्य सरकार यांच्या भागीदारीत तिथे जे उभे राहील ते उभे राहील. तिथून बाहेर पडणाऱ्याला मात्र मुंबईच्या शंभर वर्षांच्या उकिरड्यावर घर. महापालिका करदात्यांच्या पैशातून कचरा उपसणार, यात आम्हाला वावगे वाटत नाही. कचरा साऱ्या मुंबईने केला, तर खर्चही साऱ्या मुंबईने सोसावा. वावगे हे आहे की त्या खर्चातून मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे काय करायचे, हे ठरवताना वर्षानुवर्षे तिच्या शेजारी जगलेल्यांना कुणी विचारले नाही.

भोपाळचे उदाहरण याच्या पुढची पायरी दाखवते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री काय घडले ते जगाला माहीत आहे. पण वायू गेला तरी विष कारखान्याच्या आवारातच राहिले. आसपासच्या चाळीसहून अधिक वस्त्यांच्या पाण्यात ते उतरले; २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना नळाचे शुद्ध पाणी देण्याचा आदेश द्यावा लागला. कचरा हलवण्यासाठीची याचिकाही त्याच वर्षीची. वीस वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सरकारला फटकारले आणि चार आठवड्यांची मुदत दिली. मग जानेवारी २०२५ च्या पहिल्या दोन दिवसांत १२ कंटेनर पोलीस बंदोबस्तात धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला पोहोचले. पिथमपूर म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मभूमीपासून, महूपासून, जवळच. १४ एप्रिलला महूला जाणाऱ्या आपल्या किती बांधवांना त्या वर्षी हे ठाऊक होते? पिथमपूरचे लोक रस्त्यावर आले, दोघांनी अंगावर ज्वलनशील द्रव ओतून पेटवून घेतले. त्यांचे म्हणणे साधे होते. भोपाळचे दुःख आम्हाला समजते, पण त्याचे ओझे आमच्याच डोक्यावर का? शेवटी कचरा जळला आणि आठशे टनांहून अधिक राख-अवशेष उरले. म्हणजे जाळले त्याहून जास्त उरले, कारण जाळताना त्यात चुना वगैरे मिसळावा लागतो. ती राख पुरायची जागा लोकवस्तीला जवळ असल्याबद्दल उच्च न्यायालयानेच २०२५ मध्ये आक्षेप घेतला. आणि भोपाळच्या आवारात काय राहिले? २०१० मध्ये राष्ट्रीय संस्थांच्या पाहणीत सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज काढला होता. उचलले गेले ते ३३७ टन.

खर्च कोणी केला? सरकारने, म्हणजे तुम्ही-आम्ही. युनियन कार्बाइडने १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरमध्ये हिशेब मिटवला, २००१ मध्ये ती कंपनी डाऊ केमिकलच्या मालकीची झाली आणि वाढीव भरपाईची केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. नफा समुद्रापार गेला, विष इथेच राहिले.

कायदा नाही म्हणून हे घडते असे कुणी समजू नये. जो प्रदूषण करील त्यानेच भरावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ठामपणे सांगितले आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यांनी रंगासाठी लागणारे एच-ॲसिड निर्यातीसाठी बनवले आणि सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर टाकला. विहिरी नासल्या, शेते गेली, लोक गाव सोडू लागले. न्यायालयाने म्हटले की धोकादायक उद्योग करणाऱ्याने काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच नाही. नुकसान झाले तर ते भरून देणे आणि जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही सोसणे त्याला बंधनकारक आहे. निकाल उत्तम. पण कंपनीने अर्जांवर अर्ज करून जवळजवळ पंधरा वर्षे काढली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. बिछडीचा धडा असा की तत्त्व पुस्तकात असून भागत नाही. ते वसूल करणारी यंत्रणा आणि तिच्या मागे लागणारे लोक असावे लागतात.

म्हणून जुलै २०२५ चे नवे नियम समजून घेतले पाहिजेत. देशात १०३ दूषित जागा ठरवल्या गेल्या आणि त्यांपैकी अवघ्या ७ ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते, ही या नियमांमागची सरकारी आकडेवारी. आता जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती द्यायची आहे. त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. जागा दूषित ठरली तर ते जाहीर करायचे, तिथे वावर रोखायचा, जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून घ्यायचा. जबाबदार सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने खर्च उचलायचा. इथवर स्वागत आहे. पण तपासणीला दिवसांची मुदत आहे, सफाई पूर्ण करायला मात्र ठरलेली मुदत नाही. खाणकाम, किरणोत्सर्गी कचरा आणि कचराभूमींतला घनकचरा यांना सर्वसाधारणपणे या नियमांतून वगळले आहे, कारण त्यांचे कायदे वेगळे आहेत. कचराभूमीत इतर घातक द्रव्ये मिसळून ठरलेली पातळी ओलांडली गेली असेल तेव्हाच दार किलकिले होते. म्हणजे देवनार, नागपूरचे भांडेवाडी, पुण्याचे उरुळी देवाची, औरंगाबादचे नारेगाव येथल्या माणसाला आधी सिद्ध करावे लागणार की आमच्या उशाचा कचरा साधा नाही, विषारी आहे. ते सिद्ध करायला प्रयोगशाळा लागते आणि ती त्याच्याकडे नाही.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. भोपाळनंतर, १९८६ मध्ये, पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्यात कायदा मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कारखान्याला १५ लाख म्हणजे दिवाळीच्या मिठाईचा खर्च. जनविश्वास हा शब्द इथे कोणाच्या विश्वासासाठी वापरला आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

एका कायद्याकडे मात्र आपल्या लोकांचे आणि वकील बांधवांचेही लक्ष जायला हवे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ मध्ये एक गुन्हा असा आहे की या समाजातले लोक नेहमी वापरतात ते पाणी नासवून वापरण्यास कमी योग्य करणे. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विहिरीत घाण टाकणारा सवर्ण गावगुंड असावा. पण कलमात विहिरीत मेलेले जनावर टाकण्याचीच अट नाही. दलित वस्तीच्या पाण्यात जाणूनबुजून रसायन सोडणारा यात का बसू नये? आरोप सिद्ध करणे अवघड आहे, आरोपी कोण ते नेमके दाखवावे लागेल, हेतूवर खल होईल, हे आम्ही जाणतो. तरीही हा मुद्दा न्यायालयात मांडला पाहिजे. जात आणि प्रदूषण हे दोन वेगळे विषय आहेत, हा समज मोडण्यासाठी तरी मांडला पाहिजे.

हा समज आपल्या चळवळीतही आहे. पर्यावरण म्हणजे पोट भरलेल्यांचे, वाघ-फुलपाखरांचे काम, आपल्याला आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती यांतून सवड कुठे, असे कार्यकर्ते म्हणतात. काही जण याहून थेट विचारतात: गरिबाला पक्के घर मिळते आहे, तुम्ही का आडवे येता? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, त्यांना नळ आणि संडास असलेल्या घराचे मोल आम्ही काय सांगणार? तसेच देवनारच्या ढिगावर भंगार वेचून चूल पेटवणाऱ्या बायकांना, डम्पिंग बंद झाले पाहिजे असे म्हणताना आपली जीभ अडखळली पाहिजे. त्यांच्या पोटाची सोय काय, हा पहिला प्रश्न. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना ओळख देऊन कामात सामावून घ्यायला सांगितले होते. २,३६८ कोटींच्या कामात त्यांचा वाटा किती, ते विचारले पाहिजे. आणि घर हवेच, पण घर म्हणजे उपकार नव्हे. घराचा हक्क आणि श्वासाचा हक्क एकाच अनुच्छेद २१ मधून येतात. एक घ्या आणि दुसरा सोडा, असा सौदा संविधानाने सांगितलेला नाही. सरकार तो सौदा मांडते आणि आपण गरजेपोटी त्यावर अंगठा देतो.

तेव्हा करायचे काय? प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीजवळचे बंद कारखाने, रसायनांचे जुने खड्डे, गाडलेले डेपो यांची यादी करावी आणि त्या जागा संशयित म्हणून नोंदवण्याचा लेखी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्यावा. माहिती अधिकारात प्रदूषण मंडळाकडून माती-पाण्याचे तपासणी अहवाल मागवावेत. वस्तीत एक वही ठेवावी: कोण आजारी, कधीपासून, कोणत्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी. न्यायालयात भाषण चालत नाही, वही चालते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. तिथे पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांची आणि भरपाई व जमीन पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी पाच वर्षांची मुदत असते. मुदत गेली की खरे प्रकरणही दारातून परत येते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. देवनारबाबत मागणी स्पष्ट असावी. एकाही इमारतीचा पाया खणण्याआधी स्वतंत्र संस्थेकडून माती, भूजल आणि वायूची तपासणी, तिचे अहवाल मराठी-हिंदीत वस्तीत लावणे, भोवतालच्या रहिवाशांची आरोग्य तपासणी, आणि जनसुनावणी. तपासणीत जमीन नापास झाली तर तिथे घर नाही, आणि म्हणून ‘अपात्र’ माणूस रस्त्यावरही नाही. त्याला राहण्यालायक जमिनीवरच घर.

विनयपिटकातल्या सेखिय नियमांत भिक्खूंना पाण्यात थुंकण्यालाही मनाई आहे. पाणी दुसऱ्याच्याही कामाचे आहे, एवढी साधी जाणीव अडीच हजार वर्षांपूर्वी धम्माने नियमात बसवली. पुढे याच देशात माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे ठरले आणि कारखान्याच्या नळीने पाणी नासते त्याला विकास म्हटले गेले. आज महाडच्याच औद्योगिक वसाहतीमुळे सावित्री नदी नासल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. शताब्दीला आपण लाखोंनी महाडला जाऊ, तळ्याला वंदन करू. तिथून परतताना सावित्रीच्या पुलावर क्षणभर थांबून खालचे पाणीही पाहावे. बाबासाहेबांनी ज्या तळ्यावर ओंजळ भरली त्या ओंजळीचा अर्थ पाणी पिण्याचा हक्क एवढाच नव्हता. पिण्यासारखे पाणी, राहण्यासारखी जमीन आणि त्याविषयीच्या निर्णयात बरोबरीचा आवाज, हा तिचा अर्थ आहे. तो कायद्याच्या पुस्तकातून वस्तीच्या नळापर्यंत आणणे हे आपले काम आहे.

जय भीम!